निळ्या शर्टाची चिंधी

काडीवाले काका गेल्यावर तिसऱ्या रविवारी काकू त्यांचेच गमबूट घालून पाणथळावर आल्या. बूट दोन मापं मोठे, पुढे कापूस कोंबलेला.

"काकू, बूट चालतायत की तुम्ही?" नर्सबाईंनी विचारलं.

"आमचे हे चालवतायत," काकू म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या, मग चष्मा पुसत बसल्या.

ही दहाबारा माणसं दर रविवारी स्वखुशीनं इथं येत. काठावर झुडपं माजली की पाखरांना उतरायला जागा राहत नाही, म्हणून हिवाळ्यात ती छाटायची. म्होरके होते सुतार. त्यांनी काकूंच्या हाती कोयता दिला, मूठ कशी धरायची ते दाखवलं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ती सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की सांगावी लागेल, असं कुणाच्या मनातच आलं नाही.

काकांनी वीस वर्षं बोलावलं होतं. "एकदा चल गं. करड्या पाठीचं एवढंसं पाखरू, चोचीत काडी घेऊन येतं. बघितलंस तर आपोआप हात जोडशील."

"आणि घरचं कोण बघणार? तुमचं पाखरू?"

आता काकूंची एकच आस उरली होती. ते पाखरू, ती काडी, एकदा डोळ्यांनी बघायची.

दुपारी पाण्याकडेच्या एका काटेरी झुडपावर त्यांना चिंधी दिसली. निळी, बारीक चौकटीची. काकांचा तो जुना शर्ट काकूंनीच फाडून फडक्यांत टाकला होता. गाठ मात्र काकांची, दुहेरी. काकूंनी हातमोजे काढले, नखांनी हळूहळू गाठ सोडवली आणि चिंधी खिशात ठेवली. त्या दिवसापासून ती रात्री त्यांच्या उशाशी आणि दिवसा खिशात असे.

पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. त्यानंतर आल्या, तर काठ मोकळा.

"इथलं झुडूप?"

"छाटलं की," सुतार म्हणाले. "चिंधी बांधलेलं ठेवायचं, बाकीचं काढायचं, असं आहे आपलं. घरट्याचं झुडूप नेमकं कुठलं, ते काकाच जाणत. हिवाळ्याच्या तोंडावर येऊन बांधून जायचे. यंदा चिंधी कुठंच दिसली नाही. वाटलं, आजारपणात राहून गेलं."

काकूंनी खिशातून चिंधी काढून पुढे धरली.

नर्सबाईंनी त्यांचा दंड धरला.

"मुळं शाबूत आहेत, काकू," सुतार हातातल्या करवतीकडे बघत म्हणाले. "चारपाच वर्षांत फुटून पुन्हा एवढं होईल."

"पाखरू किती वर्षं जगतं हो?"

सुतारांनी करवत खाली ठेवली.

हिवाळा सरला. काकू रोज सकाळी येऊन त्या खुंटाजवळ बसत. खुंटाला चिंधी बांधली होती, दुहेरी गाठ मारून. आणि एका सकाळी ते आलं. काका सांगायचे तसंच, एवढंसं, करडं, चोचीत काडी. झुडूप जिथं असायचं तिथंच, तेवढ्याच उंचीवर, रिकाम्या हवेत ते फडफडत राहिलं. वळून पुन्हा आलं. पुन्हा वळलं.

काकूंचे हात आपोआप जोडले गेले.

"मी सोडली रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी."

पाखरू गेलं. काडी पाण्यात पडली. काकू त्या मोठ्या बुटांनी पाण्यात उतरल्या, काडी उचलली, आणि ती कुठं ठेवावी हे न कळून तशाच उभ्या राहिल्या.