ज्याला नंबर नाही त्याला चार

सोमवारी सकाळपासून रुग्णालयाच्या नेटवर्कमधून माहितीऐवजी माणसं येऊ लागली. केबलच्या भोकातून ती अंग चोरून बाहेर पडत, तळघरातल्या अरुंद बोळातून रांगेने जात आणि पलीकडच्या भोकात शिरत. नेटवर्क सांभाळणाऱ्या वसुधाला त्यात वावगं काही वाटलं नाही. बोळ एवढासा आणि माणसं फार, म्हणून तिने नियम लिहून दिला. शस्त्रक्रियेच्या खोलीतला निरोप एक नंबर, तपासण्यांचे फोटो दोन, औषधांच्या याद्या तीन, घरगुती फोन चार. ज्याला नंबर नाही त्याला चार. नंबर कपाळावर. बोळ भरला की चारवाल्यांना शेपटाकडून कापायचं.

कापायला खंडागळे होता, उसाचा कोयता घेऊन. अकरा वाजेपर्यंत त्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा आणणारा एक काका कापला, उखाणा घोकणारी नवरी कापली, दोन भाऊ कापले. भाऊ तुटल्यावरही भांडत राहिले. रक्त खुर्चीपर्यंत आलं तेव्हा वसुधाने पदर खोचून पाय वर घेतले.

"ताई, नियम झकास," खंडागळे म्हणाला. "वरून एक तक्रार नाही. धार लावायला तेवढा वेळ द्या."

ती नुसतीच हसली. श्रावणातल्या सोमवारी दिवे लागेपर्यंत ती बोलत नसे. बावीस वर्षांत मौन मोडलं नव्हतं.

बाराच्या ठोक्याला तिची आई भोकातून बाहेर आली. तिचा फोन रोज याच वेळी येई. कपाळावर चार.

"सरका हो जरा," आई पुढच्याला म्हणाली. "पोरीचा उपास आहे. दूध घेतलंस का, एवढंच विचारायचंय."

"आजी, इथे सगळ्यांचं एवढंच असतं," पुढचा म्हणाला.

बोळ भरत आला. वसुधाने खंडागळेला हाताने खूण केली.

"हातवारे नकोत, ताई. बदल लेखी हवा, तोही याच वाटेने. तुमचाच नियम."

तिने लिहिलं, 'आईला एक नंबर द्या,' आणि पाठवलं. मग तिच्या लक्षात आलं. सगळ्यांना नंबर देताना स्वतःच्या हुकमाला द्यायचा राहिला होता.

भोकातून वसुधाच बाहेर आली. पदर खोचलेला, ओठ मिटलेले, मुठीत कागद, कपाळावर चार. ती आईच्या मागे उभी राहिली. बोळ भरला.

"शेवटच्या तुम्हीच की," खंडागळे कोयता पुसत म्हणाला.

आईने वळून पाहिलं. "तू होय? तोंड किती सुकलंय गं. ये, माझ्यापुढे उभी राहा." तिने दंडाला धरून तिला पुढे घेतलं आणि स्वतः मागे सरली.

कोयता वर गेला.

खुर्चीतल्या वसुधाने तोंड उघडलं. आत घशापर्यंत रांग लागली होती. बावीस वर्षांचे न बोललेले शब्द एकमेकांना रेटत उभे होते. 'थांबा' सगळ्यांत मागे होता, कपाळावर चार.