नातेवाईक हजर नव्हते

"भरपाईचं राहू द्या," लिफ्टवाला म्हणाला. "माझं भांडण त्या एका ओळीशी आहे."

मध्यस्थबाईंनी फाइल जवळ ओढली. हॉस्पिटलच्या कागदावर, त्याच्या बायकोच्या मृत्यूच्या वेळेखाली लिहिलं होतं : नातेवाईक हजर नव्हते. या ओळीपायी लेकीनं बापाशी बोलणं टाकलं होतं. त्याने हॉस्पिटलवर दावा लावला, तर कोर्टात चार वर्षं नुसत्या तारखा पडल्या. त्याला काय म्हणायचंय, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी न्यायाधीशांनीच दोन्ही बाजूंना मध्यस्थीसाठी या लहानशा खोलीत पाठवलं.

"इथलं बोलणं कोर्टात जात नाही," बाई म्हणाल्या. "दोघांना मान्य असेल तेवढंच कागदावर येईल. बोला मोकळेपणानं."

"एका इमारतीत लिफ्ट अडकली होती. आत तिघं जण, त्यात एक बाई दिवस भरलेली. दुरुस्तीचं काम माझ्याकडे, मला फोनावर फोन. सिस्टरना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, बिनधास्त जा, पेशंट छान आहे. तिघांनाही सुखरूप काढलं मी. परत आलो तर..." त्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

हॉस्पिटलचे वकील काही बोलणार, तोच टेबलाच्या टोकाला बसलेली सिस्टर म्हणाली, "खरंय. मीच म्हटलं होतं, जा म्हणून. नोकरी जाईल या भीतीनं गप्प बसले."

वकिलांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने तिकडे पाहिलं नाही.

"ती... काही बोलली?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"तुम्हाला विचारत होत्या. मी खोटंच सांगितलं, बाहेर दारापाशी उभे आहेत म्हणून." "तर म्हणाल्या, 'बसायला सांगा हो त्यांना. सकाळपासून उभेच आहेत.'"

लिफ्टवाल्याने आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास सिस्टरपुढे सरकवला.

करारात एक वाक्य उतरलं : पती सिस्टरच्या सांगण्यावरून बाहेर गेले होते, नोंदीत तशी दुरुस्ती केली जाईल. सिस्टरची नोकरी जाऊ नये, हेही त्याने हट्टाने लिहून घेतलं, मगच सही केली.

बाहेरच्या बाकावरून त्याने लेकीला फोन लावला. तिसऱ्यांदाही तिने उचलला नाही. ते वाक्य वर राहील अशी त्याने कागदाची घडी घातली आणि पाकिटावर तिचं नाव लिहिलं. पत्त्यापाशी पेन अडलं. नव्या घरी तिने त्याला कधी बोलावलंच नव्हतं.