घोंगडीतला खुशाल

बुधवारी दुपारी ठमाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. आसपासच्या पाच गावांची माणसं जेवणं उरकून यायची, कारण तिथे वाघाने मारलेला तिचा लेक खुशाल बोलत असे. बोलायचा तो आपल्या बायकोच्या, सीतेच्या तोंडून.

चैत्रात मोहफुलं वेचताना वाघाने खुशालला सीतेच्या डोळ्यांदेखत धरलं. तेव्हापासून तिला ती सकाळ आठवेना, लग्न आठवेना, पोटची पोरसुद्धा ओळखू येईना. परगावाहून आलेल्या सोमाजी बुवाने निदान ठोकून दिलं: खुशाल बायकोच्या अंगात शिरलाय आणि तिची आठवण खाऊन बसलाय. मग मिरच्यांची धुरी, तापल्या विळ्याचे डाग. सीता अर्धमेली झाली की बुवा तिच्यावर घोंगडी टाकी आणि मनगट धरून विचारी, "खुशाल, मायले ओळखतं ना?" आतून घोगरा आवाज येई, "ओळखतो."

त्या एका शब्दावर ठमाबाई आठवडा काढायची. सून वाळून काटकी झाली हे तिला दिसत होतं. तरी मिरच्या तीच कुटून ठेवी. लेकाच्या मायेपायी बाई इतकी निर्दय झाली होती.

पाचव्या बुधवारी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर रामटेके आले. खुशालला एकच प्रश्न विचारू द्या, म्हणाले. एवढ्या गर्दीपुढे बुवा नाही कसा म्हणणार?

"खुशालभाऊ, तुमच्या घरचा मोह नाल्याजवळचाच ना, वीज पडलेला?"

बुवाने मनगट दाबलं. घोंगडीतून आलं, "नाल्याजवळचाच."

फुलं वेचायला मोहाचं कोणतं झाड कोणत्या घराचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खुशालचा मोह टेकडीवर होता. त्याच्याखालीच तो मेला होता.

डॉक्टरांनी घोंगडी उचलली. सीतेच्या मनगटावरचा डाग रक्ताळला होता आणि बुवाचा अंगठाही लाल होता. जखम दाबली की प्रश्नातलंच उत्तर परत द्यायचं, म्हणजे दाबणं थांबतं, एवढंच ती शिकली होती. भूतही कधी खोटं बोलतं, असं पुटपुटत बुवाने पोबारा केला. गर्दीतले निम्मे डॉक्टरांवरच चिडले. त्यांचा बुधवारचा तमाशा बुडाला होता.

डॉक्टरांनी ठमाबाईला समजावलं: जे सोसवत नाही, ते मन कधीकधी स्वतःपासूनच लपवतं. हे भूत नाही आणि सोंगही नाही. सीतेला झोप हवी, जेवण हवं, भीती नसलेलं घर हवं. नागपूरचे मनाचे डॉक्टर तिच्याशी सावकाश बोलतील. आठवण हळूहळू येईल, कदाचित सगळी येणारही नाही. मारून मात्र ती आणखी खोल जाते.

"हे बरी झाली, त माहा खुशाल मंग बोलनार नाई?" ठमाबाईने विचारलं.

"तो कधी बोललाच नाई, बाई. तुम्ही पाच बुधवार सुनेचं कण्हणं ऐकलं."

ठमाबाई लेक आत्ताच मेल्यासारखी रडली. मग तिने जखमेवर फुंकर घालायला सुनेचं मनगट हाती घेऊ पाहिलं. सीता मागे सरत भिंतीला चिकटली. नवरा, पोर, वाघ, काहीही न आठवणाऱ्या त्या बाईला सासू कोण हे पक्कं कळत होतं.

तुमच्या घरात कुणी असं हरवलं, तर दवाखाना गाठा. त्याची आठवण परत येईल तेव्हा येईल; तोवर तुम्ही त्याच्याशी जसं वागाल, तेही तो विसरणार नाही.