चिंधीचा धागा

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या छोट्याशा चर्चमध्ये काचेच्या झाकणाची एक पितळी पेटी आहे आणि पेटीत नखाएवढा कापडाचा तुकडा. कुणा परदेशी फादरने तो फार पूर्वी आणला. शेकडो वर्षांमागच्या एका संताच्या झग्याचा, अळशीच्या धाग्यांचा, म्हणजे लिननचा तुकडा, असं सगळे सांगत आले. फादर लोक त्याला पवित्र अवशेष म्हणतात. गाव चिंधी म्हणतं, आणि त्यात अनादर शोधायला जाऊ नये. लाडक्या लेकराला घरात कुणी पूर्ण नावाने हाक मारतं का?

कापसाची वेचणी सुरू झाली की घराघरातून पहिलं बोंड चर्चमध्ये येतं. ख्रिस्ती घरातलं येतं, तसं शेजारच्या हिंदू घरातलंही. पेटी उघडायची, बोंडातला कापूस चिंधीला टेकवायचा आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. तो मग वर्षभर ज्वारीच्या कोठीत राहतो. पोराला ताप आला की कपाळावर ठेवतात. हे काम वना आबांचं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. आता आबांना नीट दिसत नाही, हातही थरथरतो, म्हणून त्यांची मुलगी सुलक्षणा ते करते.

नाताळला कुंदन आला. गावातलाच मुलगा, जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आबांच्या ओट्यावर बसून त्याने विषय काढला.

"आबा, चिंधी खरी असेल तर तपासायला भ्यायचं कशाला? आणि खोटी असेल तर आपण देवापुढे खोटं ठेवतोय. ते चालेल तुम्हाला?"

"मना देवले कागद लागत नही," आबा म्हणाले.

"देवाला नाही लागत. मला लागतो. मीही तिच्यापुढे गुडघे टेकतो ना!"

दोघेही पक्के हट्टी. चहा गार झाला, वाद काही गार होईना. आबा म्हणत, श्रद्धा म्हणजे काय बाजारातला कापूस आहे, प्रत बघून घ्यायला? कुंदन म्हणे, न बघता घेतलं तर ती श्रद्धा नव्हे, आळस. शेवटी चर्चच्या फादरांनी तोडगा काढला. एकच धागा पाठवायचा, पुण्याच्या प्रयोगशाळेत. आबा कबूल झाले, पण एका अटीवर.

"दोरा मनी पोर कापी. दुसरा कोनाना हात लागाले नको."

दुसऱ्या दिवशी कुंदनने दिलेला चिमटा, कात्री आणि काचेची नळी घेऊन सुलक्षणा एकटी वेदीपाशी गेली. बाकीचे बाहेर थांबले. तिने पेटी उघडली, कात्रीचं टोक चिंधीच्या कडेला लावलं आणि पुन्हा मागे घेतलं. लहानपणी हिच्यापुढे बसून ती प्रार्थना शिकली होती. आईच्या शेवटच्या आजारात हिलाच टेकवलेला कापूस तिने आईच्या हातात दिला होता. आता हिला कापायचं? तिने पुन्हा प्रयत्न केला. हात पुढे जाईना.

चिंधीच्या कडेला एक बारीक पीळदार तंतू चिकटला होता. वेचणीच्या कापसाचा, कुणाच्या तरी बोंडातून सुटलेला. तिने तो चिमट्याने उचलला, नळीत टाकला आणि बूच लावलं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी बरंच वाटलं. संताला कात्रीपासून वाचवलं, असं वाटलं. प्रयोगशाळा काय, सांगेल काहीतरी मोघम.

"कापा?" बाहेर आबांनी विचारलं.

"हा," ती म्हणाली.

प्रयोगशाळेने मोघम काही सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला कुंदन स्वतः आला. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, उलट आजारी माणसासारखा दिसत होता.

"धागा अळशीचा नाही, आबा. कापसाचा आहे. आणि जुनाही नाही, अलीकडचाच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. फादर समोर होते, कुंदन होता, आणि सुलक्षणा त्यांच्यामागे सरकून उभी राहिली. लाज होतीच, पण त्याखाली दुसरी भीतीही होती. बोललं की आता खरोखर कापतील, आणि तेही खोटं निघालं तर?

तिला वाटलं, आबा भांडतील. आबा भांडलेच नाहीत. त्यांनी चर्चमध्ये जाऊन पेटीवर फडकं टाकलं आणि दुसऱ्या सकाळी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल. माफी मांगनी शे."

मग ते घरोघरी गेले. प्रत्येक दारात आबा टोपी काढून हात जोडत. "मी तुमले फसाडं. चिंधी खोटी शे. माले माफ करा." ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं बोंडभर खाल्लं नाही, तो गावापुढे चोरासारखा उभा राहत होता आणि खरी चोर शेजारी उभी राहून त्याचा हात सांभाळत होती. लोक खाली बघत. सुलक्षणाला वाटे, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

भिकुबाईच्या दारात आबांनी तेच म्हटलं आणि ते वाकले. म्हातारीच्या पायांकडे हात नेऊ लागले. आपल्याहून वयाने लहान असलेल्या बाईच्या! तेव्हा सुलक्षणा ओरडलीच.

"आबा, नका! मी दोरा कापाच नही! तो वेचनीना कापूस व्हता!"

रडत रडत तिने सगळं सांगितलं. भिकुबाईने तोंडावर हात ठेवला आणि मग तिचा चेहरा उजळला.

"म्हनजे चिंधी खरी शे?"

"ते माहीत नही, काकू. आते खरंच कापनं पडी."

भिकुबाई घरात गेली आणि कोठीतला कापूस घेऊन आली. "मी काही फेका नही. कोनीच फेका नही. कागद काहीबी म्हनो."

आबांनी तो कापूस चाचपून पाहिला, परत दिला आणि ते वळले. घराकडच्या रस्त्याला सुलक्षणाने डोळे पुसले. आता तिला थोडा रागही आला होता. साऱ्या गावाने विश्वास सोडला नाही आणि यांनीच कसा सोडला?

"आबा, देवले कागद लागत नही, अशे तुम्हीच म्हनेत ना? मंग त्या कागदवर तुमना इतला इस्वास कशा बसना?"

आबा थांबले.

"कागदवर कोठे बसना, माय? दोरा तू कापा, अशे तू सांगं. तुनावर बसना."

एवढं बोलून ते पुन्हा चालू लागले. हात मात्र त्यांनी तिच्या खांद्यावरून काढला नाही, आणि तेच तिला सोसवेना.