रमण्यातल्या तळ्याची पाळ

धनज गावाच्या अंगाला जहागीरदारांचा रमणा होता. काळविटांसाठी राखलेलं माळरान, आणि मधोमध त्यांच्या पाण्यासाठी पाळ घालून अडवलेलं जुनं तळं. माणसांचं काहीही होवो, जहागीरदारांच्या हरणांची बडदास्त पिढ्यान्‌पिढ्या चोख होती. तीस-एकतीस सालच्या उन्हाळ्यात तळं आटलं, आणि ही पाळ किती जुनी ते पाहायला सरकारी खात्याचे साहेब आले. पाळ आडवी चिरायची ठरली तशी गावाची पाचावर धारण बसली.

कारण पाळीत बाई होती. बांधताना पाळ टिकेना म्हणून कुणाची तरी सून तिच्यात जिवंत पुरली, असं सगळेच सांगत. वरच्या शेंदऱ्या दगडाखालीच ती आहे म्हणत. ती ज्या घरची सून, त्या घरानं या तळ्याचं पाणी तोंडाला लावायचं नाही. बाकीच्या गावानं खुशाल प्यावं. ते घर गोजराबाईचं.

साहेबांना नेमका त्या दगडाखालूनच चर हवा होता, कारण पाणी सोडायची मोरी तिथून जात होती. कामाला कुणी धजेना. टोपलं घेऊन पहिली उभी राहिली ती गोजराबाई. मुकादम मुनाफ चपापला.

"तुमच्याच घरची बाई हाय ना थे? मंग तुमी काहून?"

"म्हनूनच," ती म्हणाली.

त्याला आणखी काय सांगणार? मागं एका दुष्काळात घरच्या विहिरीत नुसता गाळ उरला होता. तिची धाकटी पोरगी रुपा तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती. गोजराबाईनं चोरून तळ्याची घागर भरून आणली. सासूनं, रंगूबाईनं, ती उंबऱ्यातच उपडी केली. दुसऱ्या गावाहून पाणी येईपर्यंत पोर गेली. त्यानंतर सासूनं पोरीचं नाव काढलं नाही, आणि सुनेनं जाब विचारला नाही. पाळीत बाई असेल, तर पोरीच्या मरणाला निदान काही कारण तरी होतं. नसेल तर? या एका विचारानं तिचं काळीज कुरतडून खाल्लं होतं.

चर खोल जात राहिला. वर मुरूम, खाली थराथरानं ठोकून बसवलेली काळी माती, मग घडीव दगडांची मोरी. गोजराबाई प्रत्येक टोपलं हातानं कुस्करून पाही. काकणाचा तुकडा, हाड, काहीही. निघाली ती खापरं. अगदी तळाशी, जुन्या वाळलेल्या गाळात, हरणांच्या खुरांचे ठसे उमटलेले होते. साहेब गुडघ्यांवर बसून हरखून पाहत राहिले. पाळ नव्हती तेव्हाही हरणं इथंच पाण्यावर येत होती, ते म्हणाले.

"साहेब, अन्‌ बाई?"

"बाई नाही. मातीचे थर तळापर्यंत अखंड आहेत. बांधतानाही इथं कुणाला पुरलेलं नाही."

घरी येताना तिनं मनाशी ठरवलं, सापडली म्हणायचं. म्हातारी आंधळी होऊन बाजेला खिळलेली. आता तिला टोचून काय मिळणार होतं?

"सापडली का थे?" पावलं ऐकताच रंगूबाईनं विचारलं.

होकार ओठांवर आला होता. पण दारात गोजराबाईची सून कस्तुरा तान्ह्याला कडेवर घेऊन कान देऊन उभी होती. आता हो म्हटलं, की ते पाणी या लेकरालाही बंद.

"नाही, आत्याबाई. तिथं कोनीच नव्हतं. कधीच नव्हतं."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मंग माही रुपा काहून मेली वं?"

इतकी वर्षं हाच सवाल गोजराबाई सासूसाठी जपून ठेवत आली होती. आता तो सासूच तिला विचारत होती. ती बाजेच्या कडेला टेकली. म्हातारीनं चाचपडत तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.