शिवम्माची वज्री

मित्रांनो, मला हलवलेत तर माझ्या पोटातले खडे वाजतात. खेळणे समजून लहान मुले मला उचलतात आणि उलटे करून पाहिले की नाराज होतात, कारण खालून मी कानशीसारखी खरखरीत आहे. टाचा घासायची पितळी वज्री मी. आता जुनी, काळवंडलेली.

ओताऱ्याने मला घडवले आणि धरायला पाठीवर मोर बसवला. वीरप्पांनी तुळजापूरच्या यात्रेत मला बायकोसाठी घेतले, आणि मी जळकोटला आले. तेव्हा निजामाचे राज्य होते. शिवम्मा दिवसभर शेतात अनवाणी राबे. संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर बसून ती कोमट पाण्यात पाय सोडी, मला टाचांवरून फिरवी आणि भेगांत तेल-मेण भरी. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारायची नाही, असा घरात दंडकच होता. शेजारची दगडाबाई चिडवायची, पायांचं लगीन काढलंस का गं म्हणून. शिवम्मा हसून म्हणे, "दिसभर हेच मला वागवत्यात. त्यांचं कोण बघायचं?"

मग एका वर्षी ज्वारी अमाप पिकली. मजूर मिळेनात. शिवम्मा अंधार पडता घरी येई, भाकरी थापे आणि बसल्या जागी डोळे मिटे. मी भिंतीतल्या दिवळीत पडून असे. तिची मुलगी जगदेवी पाणी तापवून बोलवायला येई.

"अव्वा, पाय तरी धुऊन घे."

"सुगी होऊ दे गं. मग निवांत बसते."

भेगा खोल गेल्या. कापणीच्या शेवटी ज्वारीचे धसकट त्यातल्या एका भेगेत शिरले. तिने ते उपटून फेकले, वर माती दाबली आणि कापत पुढे गेली, असे मी मागाहून ऐकले. काही दिवसांनी तिचा जबडा उघडेना. धनुर्वात झाला होता. बैलगाडीतून दवाखान्यात नेले, पण उशीर झाला होता.

पितळेला जीव नसतो म्हणतात. पण त्यानंतरच्या प्रत्येक सुगीत, दिवेलागणीला, माझ्या खरखरीत अंगावर टाचेचा भार पडे. ओलसर, ओळखीचा. दिवळीपाशी कोणीही नसे.

जगदेवीलाही काही जाणवत असावे. त्या दिवसांत ती रोज घमेल्यात कोमट पाणी काढून दगडापाशी ठेवी आणि कामाला लागे. पाणी निवून जाई. वीरप्पांनी एकदा विचारले, हे कोणासाठी? ती भाकरी थापायला बसली. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

रझाकारांच्या धास्तीने सगळा गाव घाईने ज्वारी काढत होता, त्या वर्षी जगदेवी लंगडत घरी येताना दगडाबाईला दिसली. म्हातारी तिच्यामागून आत आली. जगदेवीने नेहमीसारखे घमेले भरून दगडापाशी ठेवले, तशी ती त्याकडे पाहत राहिली.

"कुणासाठी गं?"

"अव्वा येती," जगदेवी म्हणाली.

दगडाबाई हसली नाही. तिने जगदेवीला दगडावर बसवले आणि लुगडे घोट्यावर सारले. टाचा फाटून रक्त येत होते.

"यिऊ दे की. आन् आल्यावर तुझं हे पाय बघंल. काय सांगशील तिला?"

जगदेवीने पाय पाण्यात सोडले. ती रडली नाही. घमेल्यातले पाणी मात्र बराच वेळ हलत राहिले. मग दगडाबाईने मला दिवळीतून काढले आणि हलक्या हाताने तिच्या टाचा घासू लागली. उजव्या टाचेवरची सर्वांत खोल भेग, आईची जिथे होती, तिथेच होती.

मित्रांनो, तुमच्या घरी सुगी नसेल, पण धांदल असेलच. अशा दिवसांत कोणी म्हणाले की हे उरकू दे, मग बसते, तर ऐकून सोडून देऊ नका. त्या माणसाला हात धरून बसवा. तसे म्हणणारे तुम्हीच असाल, तर हातातले काम ठेवा आणि बसा. मी पितळेची आहे, मला वाट पाहता येते. टाचांना येत नाही.