मास्तरीणबाईंचं प्रमाणपत्र

इमारतीतल्या सगळ्या बायका तिला मास्तरीणबाई म्हणत, आणि सहा वर्षांत त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. रोज सकाळी साडेसहाला तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चौदा जणी चटया अंथरायच्या, ही पुढे उभी राहून योगासनं शिकवायची. मग घाईघाईनं आवरून दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवर हजर. तिथे दिवसभर लोकांची बोलणी खायची. सकाळचा तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता.

तोच आता जायला निघाला होता. सेक्रेटरींनी नवा नियम काढला, हॉलमध्ये शिकवायचं तर प्रमाणपत्र हवं. "एक तारखेपर्यंत आणा," ते म्हणाले, "नाहीतर झुंबावाल्या मॅडम थांबल्याच आहेत. त्यांच्याकडे तीन आहेत."

तेव्हापासून योगशिक्षकाचा कोर्स शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले. जो तो 'दोनशे तास' म्हणायचा, आणि त्या दोनशे तासांत नेमकं काय करतात ते कुणी धड सांगायचं नाही. एक कोर्स डोंगरावर राहून करायचा होता. त्याच्या पत्रकात धबधबा होता, सूर्योदय होता, फक्त शिकवणाऱ्याचं नाव नव्हतं. तिनं फोन करून विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, ते अनुभवायचं असतं." दुसरा घरबसल्या बारा दिवसांचा.

"बारा दिवसांत दोनशे तास कसे बसवता हो?"

"त्यात तुमचा घरचा सराव धरलाय, मॅम."

"झोपही धरली असेल!" ती कडाडली आणि फोन आपटला. पाचच मिनिटांत तिच्या नावासकट नमुन्याचं प्रमाणपत्र आलं. फी भरायच्या आत ती उत्तीर्ण!

तिसरा पत्ता दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दिला. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, भिंतीला टेकवलेल्या आठ खुर्च्या, आणि सत्तरीच्या एक बाई. कोर्स वर्षाचा, शनिवार-रविवार. पहिले सहा महिने शिकवायचं नाही, दुसऱ्यांच्या वर्गात बसून नुसतं बघायचं.

"मी सहा वर्षं शिकवतेय," तिनं ठसक्यात सांगितलं. "मला थोडं लवकर नाही का मिळणार?"

"मला ताडासन शिकवा बघू," बाई म्हणाल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

तिनं नेहमीसारखे डोळे मिटले, आवाज खाली आणला. श्वास घ्या, दोन्ही हात वर, टाचा उचला. तिला स्वतःलाच किती शांत वाटलं! डोळे उघडले तर बाई खुर्चीत बसून पाणी पीत होत्या.

"मी कधी बसले?"

"टाचा उचला म्हटलं, तेव्हा?" तिनं अंदाजानं विचारलं.

"हात वर म्हणालात, तेव्हाच. तुम्ही योग छान करता. शिकवत मात्र नाही."

हात दाखवून अवलक्षण! रस्ताभर ती धुमसत होती. डोळे मिटायचे नाहीत तर काय वटारायचे? म्हातारीला काय जातंय बोलायला. उद्याच्या उद्या बारा दिवसांची फी भरून टाकायची, संपला विषय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केवळ त्या बाईंना खोटं पाडायचं म्हणून, तिनं डोळे उघडे ठेवले. "दोन्ही हात वर," ती म्हणाली. तेरा जणींचे हात वर गेले. शेवटच्या रांगेत तिची थोरली जाऊ भिंतीला चिकटून उभी होती. डावा हात वर, उजवा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेला. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, दुपारचा चहा रोज एकत्र, आणि हिला पत्ताच नाही.

वर्ग सुटल्यावर तिनं जावेला थांबवलं. "ताई, खांदा कधीपासून दुखतोय?"

"झाली असतील तीन-चार वर्षं. तू 'हात मागे खेचा' शिकवलंस ना, तेव्हा काहीतरी कट्‌कन झालं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"अगं, चारचौघींत तुझी चूक कशी काढू?" जाऊ ओशाळं हसली. "आणि डोळे मिटलेस की तुझा चेहरा इतका निवांत दिसायचा... दिवसभर कुठे तसा असतो तो! मोडायचं जिवावर आलं."

तिला रडू फुटणार होतं, तेवढ्यात दारातून सेक्रेटरींनी डोकं आत घातलं. "काय मास्तरीणबाई, मिळतंय का प्रमाणपत्र?"

"मिळेल, पण वर्ष लागेल. हॉल झुंबावाल्या मॅडमना द्या."

"अगं, वेडी का तू?" जाऊ चिडलीच. "सहा वर्षांचा वर्ग असा सोडून देतेस? मग आम्ही सकाळी करायचं काय?"

ती जावेच्या पुढ्यात उभी राहिली. "हात कुठवर जातो, दाखवा मला. सावकाश."

जावेनं उजवा हात ओढणीतून सोडवला आणि दात-ओठ खात उचलला. तो खांद्यापर्यंतसुद्धा आला नाही.